वाक्य बरोबर, घर चुकलं

"कुमुदताई सबनीस विदुषी होत्या, याबद्दल दुमत नाही, परंतु विद्वत्तेने त्यांचे मन कोरडे केले होते. भारतातून आलेले एक वृद्ध जोडपे भली मोठी बॅग घेऊन त्यांच्या दारात उभे होते. वरची खोली रिकामी होती. तरीही त्यांनी वर्गात मारायच्या तोच टोमणा त्या दोघांना मारला, त्यांना नदीपलीकडच्या हॉटेलात धाडले आणि दार लावून टाकले. मी त्या वेळी जिन्यात उभा होतो."

आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात श्री. विनायक जोग यांनी हे लिहिले आहे. लेख निव्वळ आठवणींचा असता तर मी चष्मा काढून झोपी गेलो असतो. पण तो आठवणींचा नाही, तो हरकतीचा अर्ज आहे. भारतातून नव्याने येणाऱ्यांना भाड्याचे घर मिळेपर्यंत डोके टेकता यावे म्हणून मंडळाने इथे जर्मनीत, बॉबलिंगेनमध्ये, दोन खोल्या घेतल्या आहेत. त्यांना कुमुदबाईंचे नाव द्यावे असा ठराव पुढच्या सभेपुढे येणार आहे, आणि दारातून माणसे परत पाठवणाऱ्या बाईचे नाव पाहुण्यांच्या खोलीला शोभत नाही, असे श्री. जोगांचे म्हणणे आहे. बोलायला ते चांगले आहेत. सभेतले निम्मे लोक तीस-पस्तिशीचे आहेत आणि कुमुदबाईंना त्यांनी फक्त फोटोत पाहिले आहे. ठराव पडू शकतो.

मी साताऱ्याच्या न्यायालयात उभे आयुष्य दिवाणी वकिली केली. निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने मुलाकडे, म्हणजे बॉबलिंगेनला, काढतो. श्री. जोगांनी लेखात त्या जोडप्याचे नाव घातलेले नाही. ही त्यांची सभ्यता. मी ते घालतो. ते वृद्ध गृहस्थ म्हणजे मी, आणि त्या वृद्ध बाई म्हणजे माझी पत्नी सुमती.

श्री. जोग खोटे बोललेले नाहीत, हेही आधीच नोंदवतो. ते जिन्यात होते आणि जे ऐकले ते त्यांनी लिहिले. खोटा साक्षीदार उलटतपासणीत दोन प्रश्नांत कोसळतो. अर्धे ऐकलेला प्रामाणिक साक्षीदार मात्र कोसळत नाही, आणि म्हणून त्याची भीती अधिक.

कुमुदबाईंचे चरित्र मी लिहिणार नाही. त्यांच्याविषयी मंडळात इतक्या आवृत्त्या फिरतात की त्या खोडण्यातच माझे उरलेले आयुष्य जाईल. कोणी म्हणते त्या चीनमध्ये वीस वर्षे होत्या. नव्हत्या; तिथे त्या अधूनमधून जात आणि राहिल्या त्या हायडेलबर्गलाच. कोणी म्हणते त्यांनी घरात खानावळ चालवली. ज्यांनी त्यांच्या हातची आमटी चाखली आहे ते असा आरोप करणार नाहीत. मिरजेची मुलगी चिनी भाषा शिकायला तरुणपणी जर्मनीत आली, इथेच शिकली, इथेच शिकवत राहिली आणि इथेच म्हातारी झाली, एवढे पुरे.

ठेंगणी बांधणी, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडीवर राखाडी स्वेटर. बोलणे मिरजेचे, स्पष्ट आणि थोडे वरच्या पट्टीतले. इतकी वर्षे परदेशात काढूनही त्यांच्या मराठीत जर्मन फक्त दोन ठिकाणी शिरले होते. पटले की त्या "गेनाऊ" म्हणत, आणि न पटल्यावर बोलायला सुरुवात करताना "आल्झो" म्हणत. माझ्याशी बोलताना मला पहिला शब्द क्वचितच ऐकू आला.

मंडळाच्या भाड्याच्या सभागृहात त्या शनिवारी चिनी भाषेचा वर्ग घेत. गेल्या दशकात आमच्या भागातल्या मोटारींच्या कंपन्या आपल्या इंजिनिअरांना सारख्या चीनमधल्या कारखान्यांत पाठवत. त्यांत आपली पुण्या-मुंबईची पुष्कळ मुले असत आणि जाण्यापूर्वी चार वाक्ये शिकायला ती बाईंकडे येत. मुलाच्या घरी दिवसभर खिडकीतून बर्फ पाहण्यापेक्षा बरे म्हणून मीही जाऊन बसू लागलो. त्या वर्गात पांढऱ्या केसांचा विद्यार्थी मी एकटाच होतो आणि सर्वांत जास्त हरकतीही माझ्याच असत.

इतर शिक्षक नमस्कारापासून सुरुवात करतात. कुमुदबाई मुक्कामापासून करत. पहिल्याच दिवशी त्या टेबल आडवे लावत, त्यामागे उभ्या राहत आणि म्हणत, "हा काउंटर. तुम्ही दमून आलायत. या." विद्यार्थ्याने पुढे जाऊन खोली मागायची. वाक्य त्यांनी आधीच पाठ करून घेतलेले असे. तो बिचारा जीभ वळवून ते म्हणे, आणि बाई चष्म्यावरून पाहत उत्तर देत, "वाक्य बरोबर, घर चुकलं."

कारण चिनी भाषेत मुक्कामाच्या जागेला एकच शब्द नाही, आणि बाईंच्या मते ज्याला ते शब्द वेगळे कळत नाहीत त्याने विमानात बसू नये. जिउदिएन म्हणजे काचेच्या दाराचे मोठे हॉटेल. बिनग्वान म्हणजे मानाच्या पाहुण्यांना उतरवण्याची जागा, आपल्याकडच्या सर्किट हाउसच्या जातीची. ल्यूग्वान म्हणजे बसस्टँडसमोरचा लॉज. जाओदाइसुओ म्हणजे एखाद्या कारखान्याने किंवा सरकारी खात्याने आपल्या कामाला आलेल्या माणसांसाठी ठेवलेले विश्रामगृह; आमच्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांची अतिथिगृहे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना अधिक सांगायला नको. आणि ख-चान म्हणजे वाटेवरची जुनी सराई, आजची रात्र काढून उद्या पुढे जाणाऱ्याची.

मी अर्थातच उठलो. म्हटले, बाई, मी वाचले आहे की आता तिकडे वाटेल त्या इमारतीवर वाटेल तो शब्द लावतात, दोन खोल्यांचा लॉजसुद्धा स्वतःला जिउदिएन म्हणवतो, तेव्हा तुमचे वर्गीकरण पाटीपुढे टिकत नाही.

"आल्झो, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "पाटीवर काय लिहिलंय ते सोडा. दारात तुम्हाला कोण भेटतं ते बघा. जिउदिएनमध्ये मॅनेजर भेटतो, त्याला तुमच्याशी घेणं नाही. बिनग्वानमध्ये यजमान भेटतो, त्याला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं. जाओदाइसुओमध्ये आपल्यातलाच कोणीतरी भेटतो, तो म्हणतो, आलास, हातपाय धू. माणूस तोच, बॅग तीच. कुठल्या दारातनं आत गेलात त्यावर ठरतं की तुम्ही गिऱ्हाईक, पाहुणे की घरचे."

मी सांगितले की हे पाचही अर्थ आमच्या धर्मशाळा या एका शब्दात मावतात. त्यावर त्यांनी मला विचारले की धर्मशाळेत तुम्ही कुठून आलात हे विचारतात का. विचारतात, मी म्हटले. का आलात, हे विचारतात का. नाही विचारत. "मग ती माझ्या पाचांतली एकही नाही," बाई म्हणाल्या, "ती सहावी," आणि फळ्यावर पाच शब्दांखाली त्यांनी देवनागरीत धर्मशाळा लिहून टाकले. वर्ग हसला. त्याच वर्गात बसणारे श्री. जोग सर्वांत मोठ्याने हसले. त्या दिवशी मी हरलो असे तेव्हापासून सांगितले जाते. मी हरलो नाही. आपले वर्गीकरण अपुरे होते हे बाईंनी फळ्यावर लिहून मान्य केले.

हा सगळा पुस्तकी किस आहे, असे मानणाऱ्यांत माझा मुलगा अमेय पहिला होता. तोही त्याच वर्गात असे. कंपनी उत्तम हॉटेल बुक करते, बाई उगाच घोळ घालतात, असे तो घरी म्हणे. मग एका हिवाळ्यात तो चीनमधल्या एका कारखान्याच्या कामाला निघाला, आणि दाट धुक्यामुळे महामार्ग बंद झाल्याने गाडीवाल्याने त्याला अलीकडच्याच एका छोट्या गावात उतरवले. बुक केलेले हॉटेल दूर राहिले. अमेय दिसेल त्या लॉजमध्ये शिरला आणि बिनचूक वाक्यात त्याने खोली मागितली. मालकिणीने हात हलवला. दुसरीकडे तेच, तिसरीकडे तेच. खोल्या होत्या, पण त्या काळी तिथल्या कितीतरी लहान लॉजना परदेशी माणसाला ठेवून घेण्याची परवानगीच नसे. रस्त्यावर बॅग घेऊन उभे असताना त्याला टेबलामागच्या बाई आठवल्या. त्याने खोली मागायचे सोडले आणि विचारले की कारखान्याचे जाओदाइसुओ कुठे आहे. ते त्याच गावात होते. दारातल्या माणसाने कुठून आलास म्हणून विचारले, कारखान्याच्या कामाला आलोय म्हटल्यावर त्याला आत घेतले आणि गरम पाण्याचा थर्मास हातात दिला. सकाळी भाताच्या पेजेच्या वाडग्यावरून त्याने समोर पाहिले, तर ज्या मुख्य अभियंत्याची भेट मिळावी म्हणून तो महिनाभर ईमेल पाठवत होता, तो गृहस्थ तीच पेज भुरकत बसला होता.

परत आल्यावर अमेय पेढे घेऊन हायडेलबर्गला गेला. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तिसऱ्या लॉजपर्यंत का थांबलास?" तेव्हापासून अमेय त्यांचे ऐकत असे. माझे ऐकतच असे असा माझा दावा नाही. बाईंचा शब्द अमेयच्या घरात चाले, एवढे इथे नोंदवतो, कारण पुढे त्याचे काम आहे.

नेकार नदीच्या अलीकडच्या तीरावर बाईंचे दुमजली घर होते. पलीकडे जुने शहर आणि त्याच्या डोक्यावर किल्ला. वरच्या मजल्यावर एक मोकळी खोली असे आणि ती सहसा मोकळी नसे. विमानतळावरून थेट त्यांच्या दारात आलेली कितीतरी मुले आज मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत. श्री. जोग स्वतः विद्यार्थी म्हणून हायडेलबर्गला आले, घर मिळेना म्हणून बाईंकडे उतरले आणि तळमजल्यावरच्या खोलीत वर्षापेक्षा अधिक काळ राहिले. सुरुवातीला बाई त्यांना जेवायला वाढत, चहा खोलीत नेऊन देत. एका सकाळी चहा आला नाही. श्री. जोग स्वयंपाकघरात आले तेव्हा बाईंनी त्यांच्या हातात घासणी दिली. "विनायक, तू इतके दिवस ख-चानमध्ये होतास, आता जाओदाइसुओमध्ये आलायस. भांडी घास." श्री. जोग हा किस्सा बाईंच्या कठोरपणाचा पुरावा म्हणून सांगतात. ज्या घरात पाहुण्याला भांडी घासायला सांगतात त्या घरातून त्याला कोणी हाकलत नाही, हे माजघरात वाढलेल्या माणसाला सांगावे लागू नये.

त्या घराचा एक नियम मात्र मलाही जाचला. दारातच एक लाकडी मांडणी होती आणि तिच्यावर लोकरीच्या सपातांचे जोड मांडलेले असत. बाहेरचे जोडे तिथे काढायचे, आपल्या मापाच्या सपाता घालायच्या आणि मगच आत. बाईंच्या स्वतःच्या सपाता हिरव्या होत्या, टाचेला झिजलेल्या. त्या सपाता घालून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेले त्यांना खपत नसे. एकदा श्री. जोग सपातांनिशी टपालपेटीपर्यंत गेले, तर बाईंनी त्यांना तिथेच थांबवून त्यांचे जोडे पेटीपाशी नेऊन दिले. "ह्या घरात राहणाऱ्याच्या पायातल्या आहेत," त्या म्हणाल्या. "रस्ता कुणाचं घर नव्हे." दुसऱ्याच्या सपातांत मी पाय घालणार नाही, असे मी पहिल्या भेटीत बजावले होते. पुढच्या खेपेस मांडणीवर माझ्या मापाचा कोरा जोड होता. मी तो घातला.

आता त्या संध्याकाळकडे येतो.

ज्या उन्हाळ्यात जर्मनीने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला, त्याच वर्षीच्या शरद ऋतूतली गोष्ट. जेवणाच्या टेबलावर माझ्या नातीला, ईराला, मी मराठीत काहीतरी विचारले. तिने जर्मनमध्ये उत्तर दिले. मी तिला सांगितले की आजोबांशी मराठीत बोलल्याशिवाय आजोबा ऐकणार नाहीत. ती रडली. सूनबाई ऋचा तिला घेऊन आत गेली. अमेय मला काही बोलला, मी त्याला काही बोललो, आणि शेवटी तो म्हणाला, "बाबा, हे आमचं घर आहे." वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. चूक कोणाची, हा या लेखाचा विषय नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, तो कामावर असताना, मी भारतात न्यायची मोठी बॅग काढली आणि तिच्यात सगळे भरले. सुमती "अहो, मिटवा आता" म्हणत राहिली आणि माझ्या मागून कोट चढवत राहिली. ऋचाला मी इतकेच सांगितले की आम्ही हायडेलबर्गला जात आहोत. किती दिवसांसाठी, हे तिने विचारले नाही, आणि मी सांगितले नाही.

संध्याकाळी आम्ही बाईंच्या दारात पोचलो. बाईंनी दार उघडले. त्यांनी आधी बॅगेकडे पाहिले, मग सुमतीकडे आणि सर्वांत शेवटी माझ्याकडे. या म्हटले नाही.

मी म्हणालो, "कुमुदबाई, वरची खोली हवी आहे. काही दिवस."

"वाक्य बरोबर, घर चुकलं," त्या म्हणाल्या. "इथे खोली द्यायची नाही मी तुम्हाला."

त्या आत गेल्या. आम्ही पायरीवर उभे होतो. मांडणीवरचा माझ्या सपातांचा जोड मला उघड्या दारातून दिसत होता. थोड्या वेळाने त्या कोट घालून, पायात जोडे आणि खांद्यावर त्यांची नेहमीची कापडी पिशवी अशा बाहेर आल्या आणि त्यांनी दार ओढून घेतले. श्री. जोगांची साक्ष इथे संपते. जिन्यातून त्यांनी वाक्य ऐकले आणि दार लागल्याचा आवाज ऐकला. त्यानंतर ते आपल्या खोलीत जाऊन कानाला हेडफोन लावून अभ्यासाला बसले, असे त्यांनीच मला सांगितले आहे.

जुन्या पुलावरून आम्ही तिघे चाललो. बॅगेची चाके दगडांवर खडखडत होती. पुलाच्या मध्यावर बाई थांबल्या आणि माझ्याशी नव्हे, सुमतीशी बोलू लागल्या.

"सुमतीबाई, आज तुम्ही माझ्याकडे झोपलात तर उद्या सकाळपर्यंत बॉबलिंगेनला कळेल. वकीलसाहेबांनी मुलाचं घर सोडलं. मी नाही सांगणार. पण माझ्या घरात तुम्ही घरचे म्हणून येणार, आणि एक घर असताना माणूस दुसऱ्या घरी घरचा म्हणून झोपला, की पहिलं सुटलं असंच धरतात. मग परत जाताना कुणालातरी आणायला यावं लागतं, कुणालातरी माफी मागावी लागते. हे मागतील?"

सुमती म्हणाली, "जन्मात नाही."

"अमेय?"

"तो ह्यांचाच आहे."

"गेनाऊ," बाई म्हणाल्या. "म्हणून जिउदिएन. तिथे तुम्हाला कोणी काही विचारणार नाही. तिथे झोपलात तर तुम्ही हायडेलबर्ग बघायला आलात. प्रवासाहून परत येणाऱ्याची कोणी माफी मागत नाही आणि त्याला मागायला लावत नाही. किल्ला कसा होता, एवढंच विचारतात."

मी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडले. म्हणालो, ही निव्वळ शाब्दिक कसरत आहे, मी किल्ला बघायला आलेलो नाही.

"उद्या सकाळी बघाल," बाई म्हणाल्या. "मग खरं होईल."

हॉटेल लहानसे होते, पण काचेच्या दाराचे. सोफ्यावर बसायला सांगून बाई काउंटरवरच्या तरुणाशी बराच वेळ बोलल्या. मग तिथूनच त्यांनी अमेयला फोन लावला. त्यांचे बोलणे मला ऐकू येत होते. "अमेय, तुझ्या आईबाबांना मी बोलावून घेतलंय. इतकी वर्षं येतात आणि किल्ला पाहिलेला नाही, मलाच लाज वाटली. परवा संध्याकाळच्या गाडीने परत धाडते. स्टेशनवर ये, बॅग जड आहे." पलीकडून काय उत्तर आले ते मला माहीत नाही. फोन ठेवताना बाई म्हणाल्या, "हो, सपाता नाहीत ह्या खेपेला. हॉटेलात ठेवलंय." शब्दाला इतके जपणारी बाई. तिने माझ्या देखत बोललेले हे एकमेव असत्य होते, आणि दुसऱ्याच दिवशी तिने ते खरेही करून टाकले.

आम्ही किल्ला पाहिला. डोंगरावर नेणाऱ्या दोराच्या गाडीत बसलो. तिथल्या तळघरात एक अवाढव्य लाकडी पिंप आहे, ते पाहिले. त्याच्या उपयुक्ततेविषयी माझे आणि बाईंचे मतभेद झाले. सुमतीने ईरासाठी काचेच्या गोळ्यातला किल्ला घेतला, हलवला की बर्फ पडणारा. बाईंनी आम्हा दोघांचा फोटो काढला. त्यात मी रागावलेला दिसतो. पण माझे सगळेच फोटो तसे आहेत.

ठरल्या संध्याकाळी बॉबलिंगेनच्या स्टेशनवर अमेय उभा होता आणि त्याचा हात धरून ईरा. त्याने बॅग उचलली. ती सहलीची बॅग नव्हती, हे तिच्या वजनावरून त्याला कळले असणार. तो म्हणाला, "किल्ला कसा होता, बाबा?"

मी म्हणालो, "चढ फार आहे."

ईराने माझ्याकडे पाहून विचारले, "ओपा, वार्स्ट डू इम श्लोस?" म्हणजे मी किल्ल्यात गेलो होतो का.

"या," मी जर्मनमध्येच म्हणालो, म्हणजे हो.

त्या विषयावर आमच्या घरात त्यानंतर एक शब्द झालेला नाही. मी आजही वर्षातले काही महिने त्याच घरात, त्याच खोलीत राहतो. हा लेख तिथेच लिहीत आहे.

कुमुदबाईंना मी शेवटचे पाहिले ते हायडेलबर्गच्या एका वृद्धाश्रमात. घर त्यांनी तोवर सोडले होते. गुडघे गेले होते, आवाज तसाच होता. खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, स्वेटर राखाडी, पायात त्याच हिरव्या सपाता. परिचारिका आली, "फ्राऊ सबनीस" म्हणून अदबीने औषध देऊन गेली. मी म्हटले, बाई, ही तुमची कोणती जागा? एवढ्या मानाने वागवतात, म्हणजे बिनग्वान असणार.

"आल्झो," त्या म्हणाल्या. "जाओदाइसुओ. फक्त भांडी घासायला लावत नाहीत."

मी हरकत घेतली. जाओदाइसुओला मागे काही संस्था लागते, कारखाना, खाते. इथे कोणते खाते आहे?

"म्हातारे," बाई म्हणाल्या. "तुम्हीही त्याच खात्यात आहात वकीलसाहेब, फक्त रुजू झाला नाहीत." मग दारापर्यंत सोडता येत नाही म्हणून त्यांनी बसल्या जागेवरूनच हात केला. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या.

आता श्री. जोगांचे प्रत्युत्तर मला ठाऊक आहे, कारण फोनवर त्यांनी ते दिले आहे. ते म्हणतात, काका, तुमची कृतज्ञता समजू शकतो, पण तुम्ही माझेच म्हणणे सिद्ध करताय. कारण काही असो, त्यांनी तुम्हाला हॉटेलात पोचवलं आणि स्वतः आपल्या घरी येऊन झोपल्या. उपदेश करून कुणालाही वाटेला लावता येतं.

सभेपुढे मी या वाक्याला उत्तर देणार आहे, आणि ते एकाच वस्तुस्थितीने. त्यावर भाषणाची गरज पडू नये.

हॉटेलातली पहिली सकाळ. मी आणि सुमती न्याहारीच्या खोलीत बसलो होतो. आमचे टेबल रस्त्याकडच्या काचेच्या दाराला लागून होते. बाई पूल ओलांडून येतील म्हणून माझे लक्ष त्या दाराकडे होते. त्या दारातून बाई आल्या नाहीत. जिन्यावर पावले वाजली आणि आमच्याच मजल्यावरून कुमुदबाई सबनीस खाली आल्या. हातात आमच्या शेजारच्या खोलीची किल्ली होती, आणि पायात हिरव्या सपाता.